रिसेप्टर हाच कायनेज, की कायनेज वेगळा? ईजीएफआर, इन्सुलिन आणि जॅकवरून गोंधळ

शिरपूर_बायोकेम

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री, सेल सिग्नलिंगचा पेपर आहे. एकच गोष्ट तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडते.

नोट्समध्ये: ग्रोथ फॅक्टर रिसेप्टरला चिकटला की रिसेप्टर कायनेजला सुरू करतो.
पुस्तकात: "रिसेप्टर टायरोसीन कायनेज" असा एकच शब्द.
जुन्या प्रश्नपत्रिकेच्या उत्तरात: ग्रोथ हार्मोनचा रिसेप्टर जॅक नावाच्या कायनेजकडून काम करून घेतो.

मग कायनेज रिसेप्टरच्या आत असतो, त्याला टेकून बसलेला असतो, की पेशीत कुठेतरी लांब? हेक्सोकायनेज आणि पायरुव्हेट कायनेज हेही याच खात्यातले का?

दुसरं, प्रॅक्टिकलचं. ए४३१ पेशींवर (ईजीएफआर भरपूर असलेल्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) टाकून फॉस्फो-ईजीएफआर आणि फॉस्फो-अर्कचा, म्हणजे फॉस्फेट बसलेल्या ईजीएफआर (ईजीएफचा रिसेप्टर) आणि अर्क या प्रथिनांचा, वेस्टर्न ब्लॉट (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणं) करायचा आहे. कंट्रोल लेनमध्ये जेवढी पट्टी येते तेवढीच ईजीएफच्या लेनमध्ये. चूक कुठून शोधायला सुरुवात करावी?

तापीकाठ

तिन्ही वाक्यं आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त ती वेगवेगळ्या प्रकारच्या रिसेप्टरांबद्दल आहेत आणि नोट्स काढताना त्यांची खिचडी झाली आहे.

आधी शब्द. "रिसेप्टर" आणि "कायनेज" ही दोन्ही कामाची नावं आहेत. गावात एकाच माणसाला कोणी पोलीस पाटील म्हणतं, कोणी केळीवाला म्हणतं, माणूस तोच. जो निरोप घेतो तो रिसेप्टर. जो एटीपीचा शेवटचा, म्हणजे गॅमा फॉस्फेट काढून दुसऱ्या रेणूवर बसवतो तो कायनेज. एकाच प्रथिनात ही दोन्ही कामं असू शकतात, आणि ईजीएफआरमध्ये तेच आहे.

हेक्सोकायनेजही फॉस्फेटच बसवतो, पण ग्लुकोजवर. पायरुव्हेट कायनेज तर नेहमीच्या वाटेने फॉस्फेट काढून एडीपीला देतो, एटीपी तयार करतो. त्याचं नाव उलट दिशेच्या अभिक्रियेवरून पडलं. हे दोघे चयापचयाच्या खात्यातले. सिग्नलिंगमध्ये नुसतं कायनेज म्हटलं की बहुतेक वेळा प्रोटीन कायनेज समजायचं. माणसाच्या जीनोममध्ये अशांची यादी २००२ साली झाली तेव्हा ५१८ भरले. त्यांतले ९० टायरोसीनवर (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) काम करणारे, आणि या ९० पैकी ५८ स्वतःच रिसेप्टर आहेत. उरलेले ३२, म्हणजे सार्क, एबल, जॅक वगैरे, पेशीच्या आत राहणारे. परीक्षेत ५८ आणि ३२ हे दोन आकडे लिहिलेत तरी संबंध अर्धा स्पष्ट होतो.

आता ईजीएफआरची शरीररचना. पेशी १२१० अमिनो आम्लांची साखळी बनवते. पुढची २४ सिग्नल पेप्टाइड म्हणून कापली जातात, उरतात ११८६. त्यांतली सुमारे ६२० पेशीबाहेर, २३ पडद्यातून आरपार आणि बाकीची ५४० च्या आसपास आत. आतल्या भागात पडद्यालगतचा छोटा तुकडा, मग कायनेज डोमेन (डोमेन म्हणजे प्रथिनाचा स्वतंत्र घडीचा भाग), मग लांब शेपूट. त्या शेपटीवर टायरोसीन टांगलेले. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ईजीएफआरमध्ये कायनेज हा रिसेप्टरचाच आतला भाग आहे, वेगळा रेणू नाही.

पण बाहेर ईजीएफ चिकटल्याचं आतल्या भागाला कळतं कसं? मधे तर २३ अमिनो आम्लांची एकच हेलिक्स आहे. एकट्या हेलिक्सने दांडा ढकलल्यासारखा निरोप आत जाईल ही कल्पना बसत नाही. इथे दोन रिसेप्टरांनी जवळ येणं महत्त्वाचं. बाहेरच्या भागात चार डोमेन आहेत. रिकाम्या रिसेप्टरमध्ये दुसऱ्या डोमेनचा एक हात चौथ्या डोमेनला दुमडून चिकटलेला असतो. ५३ अमिनो आम्लांचा ईजीएफ पहिल्या आणि तिसऱ्या डोमेनला एकदम धरतो, साखळी सरळ होते, हात मोकळा होतो आणि तो शेजारच्या रिसेप्टरच्या हाताला भिडतो. ईजीएफ स्वतः दोघांच्या मधे नसतोच, तो दोन्ही बाहेरच्या अंगांना असतो. पीडीजीएफचं नेमकं उलट: तो मुळातच जोडरेणू आहे, दोन टोकांनी दोन रिसेप्टर धरून त्यांना जवळ आणतो. एफजीएफला तर हेपरान सल्फेटची मदत लागते. त्यामुळे "लिगँड (म्हणजे रिसेप्टरला चिकटणारा रेणू) दोन रिसेप्टरांना जोडतो" हे वाक्य सगळ्यांना लावू नका.

आत काय होतं ते जास्त मजेचं. दोन कायनेज डोमेन समोरासमोर आरशासारखी बसत नाहीत. एकाचा खालचा खंड दुसऱ्याच्या वरच्या खंडाला टेकतो आणि ढकलतो. जो ढकलला गेला त्याची सी-हेलिक्स आत सरकते, एटीपी धरणाऱ्या लायसीनची समोरच्या ग्लुटामेटशी जोडी जमते आणि तो सुरू होतो. ही असममित जोडी २००६ साली उलगडली. बैलजोडीची उपमा द्यायची तर एक बैल खांदा लावतो आणि ओढतो दुसरा. सुरू झालेला कायनेज मग शेपटीवरच्या टायरोसीनांवर फॉस्फेट बसवतो.

इथे एक बारीक मुद्दा पेपर तपासणाऱ्याला आवडतो. इन्सुलिन रिसेप्टर आणि एफजीएफआरमध्ये कायनेजच्या ॲक्टिव्हेशन लूपवर आधी फॉस्फेट बसावा लागतो, तेव्हा दार उघडतं. इन्सुलिन रिसेप्टरमध्ये तिथे तीन टायरोसीन आहेत. ईजीएफआरला त्याची गरज नाही, नुसती ढकल पुरते.

भरीत_पार्टी

भलतं भारी समजाडं, भाऊ. पण मग शेपटीवर फॉस्फेट बसले, पुढे काय? त्या फॉस्फेटमुळे रिसेप्टरची ताकद वाढते का? आणि रास पण कायनेजच ना?

तापीकाठ

शेपटीवरचे फॉस्फेट ताकदीसाठी नाहीत, पत्ता म्हणून आहेत. टायरोसीनवर फॉस्फेट बसला की एसएच२ डोमेन असलेली प्रथिनं येऊन तो धरतात. माणसात अशी शंभरावर प्रथिनं आहेत. कोण कुठे बसणार हे फॉस्फोटायरोसीनच्या पुढच्या तीन-चार अमिनो आम्लांवर ठरतं. जीआरबी२ ला फॉस्फोटायरोसीननंतर दुसऱ्या जागी ॲस्पॅराजीन हवं, ईजीएफआरवर ते १०६८ च्या टायरोसीनपाशी मिळतं. १०४५ वर सीबीएल बसतो, तो रिसेप्टरवर युबिक्विटिन चढवून त्याला आत ओढण्याची तयारी करतो. म्हणजे एकाच शेपटीवर "पुढे सांगा" आणि "आता पुरे" हे दोन्ही पत्ते एकाच कायनेजने लिहिलेले असतात.

रास कायनेज नाही. तो जीटीपीएज आहे: जीटीपी धरला की चालू, त्याचा जीडीपी झाला की बंद. साखळी अशी लिहा. ईजीएफआर, हा टायरोसीन कायनेज. जीआरबी२, नुसता सांधा. एसओएस, राससाठी जीडीपी काढून जीटीपी बसू देणारा. रास, जीटीपीएज. राफ, सेरीन-थ्रिओनीन कायनेज. मेक, दोन्ही जातींवर चालणारा. अर्क, पुन्हा सेरीन-थ्रिओनीन. मेक अर्कवर दोन ठिकाणी फॉस्फेट बसवतो, एक थ्रिओनीनवर आणि एक टायरोसीनवर, मधे एक ग्लुटामेट सोडून. दोन्ही बसल्याशिवाय अर्क पूर्ण सुरू होत नाही. सात पायऱ्या, त्यांत कायनेज चारच. "कायनेज कॅस्केड" म्हणून सातही कायनेज लिहिले की मार्क गेले.

दुसरी फांदी पीआय३-कायनेजची. तो प्रथिनावर नाही, पडद्यातल्या मेदावर फॉस्फेट बसवतो, पीआयपी२ चा पीआयपी३ करतो. त्या पीआयपी३ ला धरून एकेटी पडद्यापाशी येतो. तिथे पीडीके१ त्याच्या ३०८ च्या थ्रिओनीनवर आणि एमटॉर कॉम्प्लेक्स २ त्याच्या ४७३ च्या सेरीनवर फॉस्फेट बसवतात.

शिरपूर_बायोकेम

म्हणजे ग्रोथ हार्मोनचं काय? "ग्रोथ" शब्द तर तिथेही आहे. आणि टीजीएफ-बीटा?

तापीकाठ

नावातल्या ग्रोथवर जाऊ नका. ग्रोथ हार्मोन, एरिथ्रोपोएटिन, इंटरफेरॉन यांच्या रिसेप्टरांना स्वतःचं कायनेज डोमेन नाही. आतल्या दांड्याला जॅक कायम टेकून बसलेला असतो. हा वेगळ्या जनुकाचा, वेगळा रेणू. रिसेप्टर दोन झाले की दोन जॅक समोरासमोर येतात, एकमेकांच्या लूपवर फॉस्फेट बसवतात आणि मग रिसेप्टरवर व निरोप पुढे नेणाऱ्या स्टॅट या प्रथिनावर. तुमच्या प्रश्नपत्रिकेतलं उत्तर या खात्यातलं. नोट्समधलं "रिसेप्टर कायनेजला सुरू करतो" हे वाक्यही इथे तंतोतंत बसतं.

टीजीएफ-बीटाच्या रिसेप्टरात कायनेज आहे, पण टायरोसीनचा नाही, सेरीन-थ्रिओनीनचा. तिथे दोन जाती आहेत. दुसऱ्या जातीचा रिसेप्टर आधीपासूनच चालू असतो. लिगँड आला की तो पहिल्या जातीवर फॉस्फेट बसवतो आणि पहिला पुढे स्मॅड२ आणि स्मॅड३ या निरोप नेणाऱ्या प्रथिनांवर.

इन्सुलिन रिसेप्टरही टायरोसीन कायनेजच, पण तो लिगँड येण्याआधीच जोडीत असतो. दोन अल्फा बाहेर, दोन बीटा आरपार, सगळे डायसल्फाइडने बांधलेले. तिथे इन्सुलिन जोडी जमवत नाही, जमलेल्या जोडीचा आकार बदलतो. शिवाय इन्सुलिन रिसेप्टर स्वतःच्या शेपटीवर फारसा अवलंबून नसतो, आयआरएस नावाचं वेगळं प्रथिन पत्त्यांचा फळा म्हणून वापरतो.

जेल_रन

ब्लॉटचं बघू. कंट्रोलला पट्टी येते म्हणजे ईजीएफ टाकण्याआधीच पेशी चालू आहेत. बहुतेक वेळा कारणं ही, याच क्रमाने तपासा.

१. उपास. १० टक्के एफबीएसमध्ये (गायीच्या गर्भाचं सीरम) ग्रोथ फॅक्टर भरपूर असतात. ७० ते ८० टक्के भरलेल्या प्लेटवरून मीडिया काढा, गरम पीबीएसने दोनदा धुवा, सीरम नसलेल्या किंवा जास्तीत जास्त ०.५ टक्के सीरमच्या मीडियात १६ ते २४ तास ठेवा. धुणं टाळलं तर उरलेलं सीरमच पुरतं. प्लेट काठोकाठ भरलेली असेल तर पेशी-पेशींच्या संपर्कानेही निकाल बदलतो.

२. हात लावणं हाही सिग्नल आहे. नुसता मीडिया बदलला तरी अर्क उठतो. म्हणून ईजीएफ टाकताना मीडिया बदलू नका. ६-वेल प्लेटमध्ये उपासाचा मीडिया बरोबर १.८ मिली ठेवा आणि त्याच मीडियात केलेलं १० पट ईजीएफ, म्हणजे १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, २०० मायक्रोलिटर टाका. शेवटचं प्रमाण १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, साधारण १६ नॅनोमोलर. कंट्रोलला तेवढाच मीडिया, ईजीएफशिवाय, त्याच वेळी, त्याच हाताने. सगळं ३७ अंशांवर गरम केलेलं.

३. वेळ. ०, २, ५, १५, ३०, ६० मिनिटं. फॉस्फो-ईजीएफआर २ ते ५ मिनिटांत वर जातो, अर्क ५ ते १५ मध्ये. तासाभराने पाहाल तर अर्धं उतरलेलं असतं. पहिल्यांदा करताना फक्त ० आणि ५ करा, बाकी नंतर.

४. थांबवणं. वेळ संपली की प्लेट लगेच बर्फावर, मीडिया ओढून टाका, व्हॅनाडेट घातलेल्या बर्फगार पीबीएसने एकदा धुवा, लगेच लायसिस बफर (पेशी फोडणारा). पेशी ट्रिप्सिनने सोडवायच्या नाहीत. ट्रिप्सिन बाहेरचा भाग कापतं आणि तेवढ्या वेळात फॉस्फेटही जातात. स्क्रेपर वापरा.

५. व्हॅनाडेट. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. बाटलीतली पावडर पाण्यात विरघळवून टाकली तर त्यात डेकाव्हॅनाडेट असतो, तो टायरोसीन फॉस्फेटेज नीट अडवत नाही. ५० मिली २०० मिलीमोलरसाठी सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट १.८४ ग्रॅम घ्या. पीएच १० करा. ॲसिड घातलं की पिवळं-केशरी होतं. रंग जाईपर्यंत उकळा, थंड करा, पीएच परत १० वर आणा. पुन्हा पिवळं झालं तर पुन्हा उकळा. रंगहीन राहिलं आणि पीएच १० वर टिकला की छोट्या नळ्यांत भरून उणे २० ला. वापरताना २०० पट पातळ, म्हणजे १ मिलीमोलर. लायसिस बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर व्हॅनाडेट निकामी होतो: पहिला त्याला धरून ठेवतो, दुसरा त्याचं क्षपण करतो. सेरीन-थ्रिओनीन फॉस्फेटेजसाठी सोडियम फ्लुओराइड १० ते ५० मिलीमोलर वेगळं घाला, ते काम व्हॅनाडेट करत नाही.

६. दूध. फॉस्फो-अँटिबॉडीला दुधाने ब्लॉक करू नका. केसीन हे स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे, पार्श्वभूमी चढते. ५ टक्के बीएसए, आणि पीबीएसऐवजी टीबीएस-ट्वीन.

७. जेल. ईजीएफआर १७० ते १८० किलोडाल्टनला दिसतो, अर्क ४२ आणि ४४ ला. एकाच १२ टक्के जेलवर दोन्ही नीट मिळत नाहीत. ईजीएफआरला ७.५ टक्के आणि ४ अंशांवर ३० व्होल्टने रात्रभर वेट ट्रान्सफर. अर्कला १० ते १२ टक्के. अर्धवट ट्रान्सफर झालेला ईजीएफआर "सिग्नल नाही" असाच दिसतो, म्हणून मेंब्रेन आधी पाँसोने रंगवून बघा.

८. एकूण ईजीएफआर आणि एकूण अर्क दाखवल्याशिवाय फॉस्फो पट्टीला अर्थ नाही. शक्यतो दुसऱ्या जेलवर त्याच लायसेटने चालवा. स्ट्रिपिंगमध्ये प्रथिन जातं.

आणि एक खान्देशी अडचण. प्रोटोकॉलमध्ये "खोलीच्या तापमानाला १ तास" लिहिलेलं असतं, ते २० ते २५ अंशांसाठी. मे महिन्यात एसी बंद पडलेली खोली ४० ला जाते. तिथे लायसेटमधले फॉस्फेटेज आपल्याआधी काम उरकतात, अँटिबॉडीची पार्श्वभूमी वाढते आणि ॲक्रिलामाइड ओतता ओतता गोठतं. अँटिबॉडी ४ अंशांवर रात्रभर द्या, जेलचं मिश्रण टेमेड घालण्याआधी बर्फात १० मिनिटं थंड करा, लायसेट शेवटपर्यंत बर्फावर. लोडशेडिंग असेल तर ईजीएफचा साठा फ्रिजच्या भरवशावर ठेवू नका. ०.१ टक्के बीएसएमध्ये १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली करून १० मायक्रोलिटरच्या नळ्या उणे २० ला, आणि एकदा वितळलेली नळी परत गोठवायची नाही. बीएसए यासाठी की इतकं पातळ ईजीएफ प्लास्टिकच्या भिंतीलाच चिकटून बसतं.

यानंतरही दोन्ही लेन सारख्याच आल्या तर ईजीएफ मेलेलं आहे किंवा अँटिबॉडी फॉस्फो-विशिष्ट नाही. दुसऱ्याची तपासणी सोपी: मेंब्रेनचा एक तुकडा लॅम्डा फॉस्फेटेजने धुऊन पाहा, पट्टी जायला हवी.

भरीत_पार्टी

व्हॅनाडेट उकळून रंग घालवायचा हे पहिल्यांदाच ऐकलं. आमच्याकडे पिवळं आहे तेच "जास्त स्ट्राँग" म्हणून चालू होतं 😀

जेल_रन

पिवळं म्हणजे डेकाव्हॅनाडेट. टाकून द्यायची गरज नाही, उकळा.

पांझरा

फार्मसीच्या बाजूने दोन गोष्टी. शिरपूर-धुळ्याकडे या विषयावर प्रयोगापेक्षा डॉकिंग (संगणकावर औषधाचा रेणू प्रथिनात बसवून पाहणं) जास्त होतं, म्हणून.

औषधाचं नाव बघूनच रिसेप्टरच्या कुठल्या टोकावर काम चालतं ते कळतं. शेवटी "मॅब" म्हणजे अँटिबॉडी, ती पेशीत शिरत नाही, बाहेरचा भाग धरते. शेवटी "निब" म्हणजे छोटा रेणू, आत जाऊन बहुतेक वेळा कायनेजच्या एटीपीच्या खाचेत बसतो. सेटक्सिमॅब ईजीएफआरच्या तिसऱ्या डोमेनवर बसतो, म्हणजे ईजीएफची जागाच अडवतो. ट्रॅस्टुझुमॅब हर२ च्या (हर२, हर३ ही ईजीएफआरचीच भावंडं) चौथ्या डोमेनवर, पर्टुझुमॅब त्याच हर२ च्या दुसऱ्या डोमेनच्या हातावर, म्हणजे जोडी जमू देत नाही. गेफिटिनिब, एर्लोटिनिब आतल्या खाचेत. इमॅटिनिबला २००१ मध्ये मान्यता मिळाली ती बीसीआर-एबलसाठी. एबल हा रिसेप्टर नाही, वरच्या ३२ मधला. पण तेच औषध किट आणि पीडीजीएफआर या दोन रिसेप्टर कायनेजांनाही अडवतं. खाच सगळ्यांची मिळतीजुळती असल्यामुळे असं होतं.

हर२ बद्दल: त्याला कोणताही ज्ञात लिगँड नाही. त्याचा हात कायम बाहेर काढलेलाच असतो, म्हणून तो इतरांचा आवडता जोडीदार. हर३ चा कायनेज फारच अशक्त, पण त्याच्या शेपटीवर पीआय३-कायनेज धरणारी सहा ठिकाणं आहेत. बैलजोडीत हर३ खांदा लावतो, ओढायचं काम हर२ करतो. एक बोलवणारा नसलेला आणि एक काम न येणारा, पण जोडी जबरदस्त.

आता डॉकिंगमधली हमखास चूक: क्रमांक. ११८६ की १२१०, हे वर आलंच आहे. कोणी २४ धरून मोजतं, कोणी सोडून. ब्लॉटवाले टायरोसीन १०६८ म्हणतात ते २४ सोडून. कर्करोगवाले एल८५८आर, टी७९०एम (८५८ आणि ७९० व्या जागचं अमिनो आम्ल बदललेली म्युटेशन्स) म्हणतात ते २४ धरून. पीडीबीतली (प्रथिनांच्या रचनांचा संग्रह) १एम१७ ही एर्लोटिनिबची रचना घ्याल तर हिंजवरचं (कायनेजच्या दोन खंडांमधला सांधा) मेथिओनीन ७६९ दिसेल, आणि लॅपॅटिनिबची १एक्सकेके घ्याल तर तेच मेथिओनीन ७९३. दोन वेगळी अमिनो आम्लं समजून "नवीन बाइंडिंग मोड" लिहून मोकळे होतात लोक. एकच आहे ते.

दुसरी चूक: रचना कोणत्या अवस्थेतली. १एम१७ मध्ये कायनेज चालू अवस्थेत आहे, १एक्सकेके मध्ये सी-हेलिक्स बाहेर, म्हणजे बंद. लॅपॅटिनिबसारखा मागे लांब शेपूट असलेला रेणू १एम१७ मध्ये डॉक केला तर तो बसणारच नाही, आणि दोष रेणूला जातो. आधी त्याच रचनेतलं मूळ औषध काढून परत डॉक करा. आरएमएसडी (मूळ जागेपासूनचा सरासरी फरक) २ अँगस्ट्रॉमच्या आत आला तरच पुढे जा. क्विनाझोलीनच्या नायट्रोजनचा हिंजवरच्या मेथिओनीनच्या एनएचशी हायड्रोजन बंध दिसला पाहिजे. तो नसताना स्कोअर कितीही सुंदर असला तरी माझ्या मते तो पोझ कचऱ्यात.

केळीबाग

टी७९०एम मुळे औषध चालत नाही ते मेथिओनीन मोठं असल्यामुळे खाच अडते म्हणून, असं वाचलं होतं. बरोबर का? आणि तंबाखूवाल्या तोंडाच्या कर्करोगात ईजीएफआर वाढलेला असतो म्हणतात, मग तिथे गेफिटिनिब का देत नाहीत? आपल्याकडे त्या रुग्णांची कमी नाही.

पांझरा

खाच अडते हे सुरुवातीचं स्पष्टीकरण होतं, अर्धवट. मोठा भाग एटीपीच्या ओढीचा आहे. गेफिटिनिब एटीपीशी स्पर्धा करतं. पेशीत एटीपी मिलीमोलरमध्ये, औषध नॅनोमोलर ते मायक्रोमोलरमध्ये. एल८५८आर झालेला कायनेज एटीपीला ढिला धरतो, म्हणून औषधाचं फावतं. त्यावर टी७९०एम आला की एटीपीची पकड परत घट्ट होते आणि औषध मागे पडतं. ओसिमर्टिनिब ७९७ च्या सिस्टीनशी सहसंयुज बंध करतं, एकदा बसलं की स्पर्धेचा प्रश्न उरत नाही. त्या सिस्टीनचं सेरीन झालं की मात्र तेही निकामी. परखनळीतला आयसी५० (काम निम्म्यावर आणणारं औषधाचं प्रमाण) आणि पेशीतला आयसी५० जुळत नाही म्हणून घाबरणाऱ्यांनी आधी परखनळीत एटीपी किती घातला होता ते बघावं.

तोंडाच्या कर्करोगात रिसेप्टर संख्येने वाढलेला असतो, पण फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमात सापडतात तशी कायनेजमधली म्युटेशन्स तिथे क्वचित. औषधाचं फावण्यासाठी लागणारा तो ढिला एटीपी तिथे नाही. म्हणून त्या बाजूला निबपेक्षा सेटक्सिमॅबचा वापर. कोणाला काय द्यायचं हे तपासणी बघून ऑन्कॉलॉजिस्टने ठरवायचं, इथे फक्त यंत्रणा सांगतो आहे.

आतड्याच्या कर्करोगात केआरएएस (रासचाच एक प्रकार) बदललेला असेल तर सेटक्सिमॅबही चालत नाही. फड पद्धतीच्या बंधाऱ्यावर पाटाचं दार बंद केलं, पण खाली कोणी विहिरीचा पंप त्याच पाटात सोडून ठेवला आहे. दार कितीही घट्ट लावा, खालच्या फडाला पाणी जातंच.

केळीबाग

झाडांमध्येही हे असतं का? केळीला तर ईजीएफ नाही.

तापीकाठ

ईजीएफआरच्या घराण्यातले रिसेप्टर टायरोसीन कायनेज झाडांत नाहीत. पण रिसेप्टर आणि कायनेज एकाच प्रथिनात, ही रचना मात्र झाडांनी भरपूर वापरली आहे. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात असे ६०० च्या वर आहेत. बहुतेक सेरीन-थ्रिओनीनवर चालणारे. बीआरआय१ बाहेरून ब्रासिनोस्टेरॉइड ओळखतो, एफएलएस२ जिवाणूंच्या फ्लॅजेलिनचा २२ अमिनो आम्लांचा तुकडा ओळखतो, आणि दोघांनाही बीएके१ हा एकच जोडीदार चालतो. एकाचं काम वाढ, दुसऱ्याचं संरक्षण.

शिरपूर_बायोकेम

मन्हा डोकामा आते बसनं. एक शेवटचं. टायरोसीनवर फॉस्फेट बसतो हे इतक्या उशिरा, १९७९ ला कसं कळलं? सेरीनचं तर कितीतरी आधी माहीत होतं ना?

तापीकाठ

प्रमाण. पेशीतल्या फॉस्फेट बसलेल्या जागांपैकी टायरोसीनच्या शंभरात एक-दोनच. बाकी सेरीन आणि थ्रिओनीन. शिवाय पीएच १.९ च्या बफरमध्ये इलेक्ट्रोफोरेसिस केलं की फॉस्फोटायरोसीन आणि फॉस्फोथ्रिओनीन एकाच जागी पळतात, वेगळे दिसतच नाहीत. टायरोसीनवरचा फॉस्फेट शोधणारे शास्त्रज्ञ टोनी हंटर यांनी पुन्हा पुन्हा वापरलेला जुना बफर घेतला, त्याचा पीएच १.७ वर उतरला होता, आणि तिथे दोन ठिपके सुटे झाले. स्टॅनली कोहेन यांच्या गटाने ए४३१ च्याच पडद्यांवर ईजीएफने फॉस्फेट बसणं वाढतं हे १९७८ मध्ये दाखवलेलं होतं, पण तो टायरोसीनवर बसतो हे १९८० ला स्पष्ट झालं.

जेल_रन

म्हणून जुना बफर वापरायची परवानगी मिळाली असं समजू नये कोणी. रनिंग बफर ताजाच. आणि शिरपूरवाले, ० आणि ५ मिनिटांचा ब्लॉट झाला की पाँसोसकट फोटो टाका, एक्सपोजरची वेळ लिहून.